दोऱ्या दिसतात, दिसू देत

गेल्या डिसेंबरात आमच्यात भांडण झालं. मराठी माणसं परदेशात एकत्र आली की भांडणं होणारच, त्यात लिहिण्यासारखं काय, असं वाचक म्हणतील. पण हे भांडण अध्यक्षपदावरून नव्हतं, गणपतीच्या वर्गणीवरून नव्हतं आणि दिवाळीच्या जेवणात श्रीखंड की पुरणपोळी यावरूनही नव्हतं. ते झालं लाकडी बाहुल्यांवरून.

आम्ही म्हणजे स्लाव आणि आसपासची पाच-सहा मराठी घरं. (या गावाचं स्पेलिंग पाहून नवीन आलेला माणूस ‘स्लफ’पासून ‘स्लो’पर्यंत काहीही म्हणतो. आम्हीही म्हणालो होतो.) नाताळच्या सुट्टीत मुलांना एका दुपारी हॉलमध्ये जमवायचं, पडद्यावर काहीतरी दाखवायचं, मग वडा-पाव आणि घरी, असा आमचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. या खेपेला कुणीतरी ‘थंडरबर्ड्स’ सुचवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पंधरा मिनिटांनी लक्षात आलं, की निम्म्या माना 1965 सालच्या बाहुल्यांच्या मालिकेसाठी डोलल्या होत्या आणि निम्म्या 2004 साली त्याच नावाने आलेल्या, जिवंत नटांच्या सिनेमासाठी!

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेफ ट्रेसी नावाचा माजी अंतराळवीर, त्याचे पाच मुलगे, प्रशांत महासागरातलं एक गुप्त बेट आणि त्यांची ‘इंटरनॅशनल रेस्क्यू’ ही संघटना. जगात कुठेही माणसं अडकली, की हे पाच जण अफाट यंत्रं घेऊन धावतात. युद्ध नाही, सूड नाही, नुसती सुटका. मुलग्यांची नावं अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमेतल्या अंतराळवीरांवरून घेतलेली: स्कॉट, व्हर्जिल, ॲलन, गॉर्डन, जॉन. पन्नास-पन्नास मिनिटांचे एकूण बत्तीस भाग निघाले आणि त्यातली सगळी पात्रं म्हणजे तारांवर नाचणाऱ्या, दीड-पावणेदोन फुटी कळसूत्री बाहुल्या.

आणि हे सगळं झालं कुठे, तर आमच्या स्लावात! इथल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये स्टर्लिंग रोडवर, आजूबाजूला गोळ्या-चॉकलेटं, रंग आणि यंत्रांचे सुटे भाग करणारे कारखाने, आणि त्यांच्यामध्ये जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्याचा स्टुडिओ. आमच्यातले दोघे रोज त्या इस्टेटमध्ये कामाला जातात. पण चंद्रावर जाणारी रॉकेटं तिथल्या पत्र्याच्या शेडमधून उडाली, हे त्यांना कळायला दहा वर्षं लागली.

आमच्यात इंजिनिअर मंडळी जास्त, त्यामुळे भांडण आधी बाहुलीच्या डोक्यात शिरलं. अक्षरशः. जेरी अँडरसन यांना बाहुल्यांचा मनापासून कंटाळा होता. त्यांना खरे सिनेमे काढायचे होते. 1957 साली पैशांची गरज होती, समोर मुलांच्या बाहुल्यांचं काम आलं, ते घेतलं. मग त्यांनी ठरवलं, की बाहुल्याच करायच्या तर त्या बाहुल्या वाटू नयेत अशा करू. म्हणून बाहुलीच्या डोक्यात एक छोटी विद्युतचुंबकीय कळ, म्हणजे सोलेनॉइड, बसवली. नटांचे आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेले असत. टेप सुरू झाली की आवाजाच्या चढउताराप्रमाणे विजेचे ठोके निघत. ज्या टंगस्टनच्या तारांनी बाहुली लटकलेली असे, त्याच तारांतून ते ठोके डोक्यात उतरत आणि खालचा ओठ हले. म्हणजे तीच तार आधारही द्यायची आणि वीजही. एका पार्टमध्ये दोन कामं उरकण्याची ही अक्कल पाहून आमच्यातल्या एकाने (हा गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो) टेबलावर हात मारून दाद दिली.

पण या कळेची किंमत मोजावी लागली. ती मावण्यासाठी डोकं मोठं करावं लागलं, आणि म्हणून ट्रेसी बंधू अंगाच्या मानाने जरा मोठ्या डोक्याचे दिसतात. दुसरी अडचण चालण्याची. तारेवरची बाहुली उभी राहील, मान वळवील, हात हलवील, पण पाऊल टाकायला लागली की गेल्या रविवारी चालायला शिकलेल्या बाळासारखी डुलते. जमिनीचा आधार पायाला कधी मिळतच नाही ना! वस्तू उचलणं तर अशक्यच. बटण दाबायचं असलं की एकदम कुणाच्यातरी खऱ्या हाताचं क्लोजअप यायचं.

मग करायचं काय? चालायचंच नाही! स्कॉट ट्रेसी दिवाणखान्यात भिंतीला पाठ लावून उभा राहतो, भिंत फिरते आणि तो पलीकडे विमानाच्या तळावर. व्हर्जिल एका चित्राला पाठ टेकतो, चित्र कलंडतं आणि तो घसरगुंडीवरून थेट थंडरबर्ड 2 च्या कॉकपिटमध्ये. ॲलन सोफ्यावर बसतो, सोफा जमिनीखाली जातो. पोहण्याचा तलाव बाजूला सरकतो आणि खालून रॉकेट निघतं. ज्या दृश्यांसाठी साठ वर्षं लोक या मालिकेवर जीव टाकत आले, ती सगळी दृश्यं ‘आमच्या बाहुलीला चालता येत नाही’ या एका तक्रारीतून जन्मली असावीत, असं आमच्या सस्पेन्शनवाल्याचं मत. आम्हाला ते पटलं. ज्याने कधी हाताशी नसलेल्या पार्टभोवती डिझाइन केलंय त्याला ते पटेलच.

यंत्रांचं काम डेरेक मेडिंग्ज यांच्याकडे होतं. त्यांनी पुढे बाँडपट केले, ‘सुपरमॅन’साठी ऑस्करचे वाटेकरी झाले. पण स्लावात त्यांच्याकडे होतं काय? प्लॅस्टिकच्या मॉडेल-किटचे तुकडे, रंग, धूळ आणि दारू (फटाक्यांची). छोट्या मॉडेलला हलवलं की ते खेळणंच दिसतं, कारण ते फार चपळ हलतं. म्हणून कॅमेरा कितीतरी पट वेगाने चालवायचा. मग पडद्यावर तेच सावकाश, जड होऊन येतं आणि वीतभर ट्रक वीस टनांचा वाटतो. विमान धावपट्टीवर धावताना दाखवायचं तर विमान जागेवरच. खाली जमिनीचा पट्टा फिरतोय, मागे झुडपांचा दुसरा, त्याच्या मागे आभाळाचा तिसरा, तिघांचे वेग वेगळे. थंडरबर्ड 1 च्या तळाच्या भिंतीवर नीट पाहिलंत तर एक लिंबू पिळायचं यंत्र दिसतं. आमच्या घरातल्या मुलीने ते पहिल्या फटक्यात ओळखलं. आम्ही तीन वेळा पाहूनही ओळखलं नव्हतं.

मूळ कल्पना मात्र खेळण्यांची नव्हती. 1963 च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीत लेंगडं इथल्या लोखंडाच्या खाणीत पाणी घुसलं, एकोणतीस माणसं गेली आणि अकरा जण चौदा दिवसांनी भोक पाडून वर काढले गेले. लांबून अवजड ड्रिल यायला वेळ लागत होता, त्या बातम्या अँडरसन ऐकत होते. सुटकेची यंत्रं आधीच तयार ठेवली आणि ती घेऊन धावणारं एखादं अवाढव्य विमान असलं तर? थंडरबर्ड 2 चं ते हिरवं ढेरपोटं विमान तिथून आलं. ‘थंडरबर्ड’ हे नावही घरातलंच. अँडरसन यांचा थोरला भाऊ युद्धात वैमानिक म्हणून अमेरिकेत शिकत असताना त्याने पत्रातून तिथल्या थंडरबर्ड फील्ड या विमानतळाबद्दल लिहिलं होतं. तो भाऊ युद्धातून परत आला नाही.

असो. भांडणाकडे वळू.

आमच्यापैकी तिघे 2004 साली इथे एम.एस्सी. करत होते. जुलैत तो सिनेमा लागला. आम्हाला मालिका ठाऊक नव्हती. लहानपणी आमच्याकडे दूरदर्शनवर मोगली होता, ‘डकटेल्स’ होतं, थंडरबर्ड्स नव्हतं. पण प्रयोगशाळेतले चाळिशीचे टेक्निशियन आठवडाभर आधीपासून शाळकरी पोरांसारखे उड्या मारत होते, म्हणून आम्हीही गेलो. बाहेर पडलो तेव्हा आम्ही खुशीत होतो. रंगीत होतं, धावपळ होती, खलनायकाच्या भूमिकेत साक्षात बेन किंग्जली, म्हणजे आपले गांधीजी! आणि ते टेक्निशियन गप्प. बसमध्ये त्यातला एक एवढंच म्हणाला, की पाचांतल्या चार भावांना बापासकट अंतराळात अडकवून ठेवलं आणि उरलेला वेळ पोरं बेटावर पळत राहिली. त्या रात्री आम्हाला वाटलं, काय हा माणूस, एका सिनेमासाठी एवढा उदास!

आता मालिका पाहिल्यावर तो माणूस आम्हाला समजतो. सिनेमातल्या ट्रेसींना पाय होते, चेहऱ्यावर भाव होते, सगळं होतं. त्यामुळे यंत्रांची गरजच उरली नाही. जो पळू शकतो त्याला फिरती भिंत कशाला? शिवाय लेडी पेनेलोपची गुलाबी रोल्स-रॉइस जाऊन तिथे फोर्ड आली, ते वेगळंच दुःख. सिनेमा पडला. जेरी अँडरसन यांनाही तो अजिबात रुचला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या बाहुल्यांचे दोन सिनेमेही, 1966 चा आणि 1968 चा, चालले नव्हते हे मात्र इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सिनेमाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते आम्हाला लगेच सुनावलंच.

मग एकेकाने आपापली उदाहरणं काढली. टॉम अँड जेरीचं पाहा, बाहुलीवाल्यांनी म्हटलं. अर्धं शतक ती दोघं जवळजवळ मुकी होती आणि सगळ्या जगाला कळत होती. 1992 साली मोठा सिनेमा काढला आणि त्यात त्यांना बोलायला लावलं, गायलाही लावलं. कुणाला आठवतोय का तो? आमच्यातल्या एकाने व्हिडिओ कॅसेट आणून पाहिला होता. त्याला फक्त ‘हे बोलतात?’ एवढंच आठवतं.

यावर आमच्यातल्या एका वहिनींनी, ज्या एरवी या गप्पांत ‘चहा हवाय का?’ एवढंच विचारतात, सगळ्यांची विकेट घेतली. “मग मपेट्सचं काय?” 1979 च्या पहिल्या मपेट सिनेमात कर्मिट बेडूक सायकल चालवतो, तरी तो बेडूकच राहतो, कापडाचा. 1992 च्या ‘मपेट ख्रिसमस कॅरल’मध्ये मायकेल केन त्या कापडी बेडकासमोर असा उभा राहतो जणू समोर लंडनच्या रंगभूमीवरचा मोठा नट आहे. इथे दर नाताळला घरोघरी पाहतात तो. म्हणजे सिनेमा केला की बिघडतंच असं नाही. आणि गंमत म्हणजे अमेरिकेतल्या चॅनेलांनी नाकारल्यावर ‘मपेट शो’ला पैसा देणारे इंग्लंडमधले लू ग्रेड, हेच थंडरबर्ड्सच्याही मागे होते. हा तपशील वहिनींना ठाऊक होता, आम्हाला नव्हता. चहा आम्ही केला.

आणि आपला तात्या विंचू? तो तर बाहुला असूनच भीती घालायचा. 1993 साली ‘झपाटलेला’ पाहून आमच्यातले निम्मे लोक महिनाभर बाहुलीच्या कपाटाकडे पाठ करून झोपले नव्हते. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला, आणि समोर घाबरायला लक्ष्मीकांत बेर्डे. त्याच पाध्यांचा, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला अर्धवटराव दूरदर्शनवर पाहताना आम्ही कधी ओठांकडे पाहिलं का? पाहिलं ना, पाध्यांच्या पाहिलं. हलतात का म्हणून. आणि तरी उत्तर अर्धवटरावालाच देत होतो.

भांडण मिटेना, तेव्हा शेवटचा शब्द काकांकडे गेला. काका आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ, ऐंशी ओलांडलेले, मूळचे कुडाळकडचे. 1966 साली स्लावात आले आणि इस्टेटमधल्या एका कारखान्यात पुढची तीस वर्षं, त्यातली बरीचशी रात्रपाळीत, काढली. आम्ही त्यांना लॅपटॉपवर पहिल्या भागातली पाच मिनिटं दाखवली. नव्या स्वच्छ प्रतीत तारा अगदी स्पष्ट दिसतात. त्या काळी त्या दिसू नयेत म्हणून मागच्या रंगाप्रमाणे त्यांना रंग फासत, पण घरच्या छोट्या टीव्हीच्या हिशोबाने. काका पडद्याच्या जवळ आले, चष्मा वर केला आणि मालवणीत म्हणाले, “ह्यां तर आमच्या पिंगुळीच्या ठाकरांचां काम रे!”

पिंगुळी कुडाळच्या शेजारचं गाव. तिथले ठाकर पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांवर रामायण-महाभारत सांगत आले. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. काका लहानपणी देवळात ते खेळ पाहत. “दोरी दिसायची की,” काका म्हणाले. “दोरी दिसली म्हणून रावण मरायचा थांबला का?”

मग आम्ही स्टर्लिंग रोडचं नाव घेतलं आणि काका एकदम गप्प झाले. तो रस्ता त्यांच्या रोजच्या वाटेवरचा. संध्याकाळी डबा घेऊन जाताना, सकाळी परत येताना. ते आले तेव्हा आत ‘कॅप्टन स्कार्लेट’ची तयारी सुरू असणार. तिथे काय बनतं हे त्यांनी कधी विचारलं नाही. “आम्हाला काय, सगळे कारखानेच.” आणि सत्तरच्या दशकात हीच मालिका पुन्हा पुन्हा लागायची तेव्हा त्यांचा मुलगा टीव्हीला नाक लावून बसायचा, आवाज मात्र अगदी बारीक करून. कारण बाबा रात्रपाळी करून वरच्या खोलीत झोपलेले असत.

“त्यातला एकही भाग मी त्याच्याबरोबर पाहिला नाही,” काका म्हणाले. “नुसता खालून धुडूमधाडूम ऐकायचो आणि ओरडायचो.”

भांडण तिथे संपलं. हॉलमध्ये पहिला भाग लावायचा ठरला.

चाळीस मुलं आली. पहिली पाच मिनिटं हशा. “दोरी दिसते! दोरी दिसते!” आम्ही एकमेकांकडे पाहिलं, सिनेमावाले तर जरा जास्तच समाधानाने. एका चिमुरडीने पार्करचा, म्हणजे लेडी पेनेलोपच्या ड्रायव्हरचा, आवाज ऐकून “हा आजोबा पिग आहे!” म्हणून जाहीर केलं. आम्ही हसलो आणि मग पाहिलं तर खरंच. 2024 साली नव्याण्णव वर्षांचे होऊन वारलेल्या डेव्हिड ग्रॅहम यांनीच पार्करलाही आवाज दिला आणि ‘पेपा पिग’मधल्या आजोबांनाही.

मग ते फायरफ्लॅश विमान लंडनहून उडालं. अणुशक्तीवर चालणारं, चाकांच्या जागी बाँब लपवलेलं. उतरलं तर स्फोट, आणि ठरलेल्या वेळेत उतरलं नाही तर किरणोत्सर्गाने प्रवासी मरणार. थंडरबर्ड 2 मधून तीन सपाट गाड्या निघाल्या. विमानाखाली, त्याच्याच वेगाने पळत राहायचं आणि चाकं न काढता त्याला पाठीवर झेलायचं. हॉलमध्ये हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. ऐन वेळी एक गाडी भरकटते, धावपट्टी सोडून जाते आणि तिचा भडका उडतो. (चित्रीकरणात मॉडेलची ओढतार खरोखरच तुटली होती. अँडरसन यांना तो अपघात इतका आवडला की त्यांनी तो कथेतच घेतला.) एक मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडला, “अरे, दुसरी गाडी आणा ना!” मराठीतून. हा मुलगा आमच्याशी कधी इंग्रजी सोडून बोलत नाही.

काका पहिल्या रांगेत बसले होते. भाग संपला, दिवे लागले, पोरं वडा-पावकडे धावली. काकांनी खिशातून फोन काढला.

“काका, मेलबर्नला पहाटेचे तीन वाजलेत,” आम्ही म्हटलं.

“असूं दे. माझी झोप त्याने पुष्कळ मोडलीय.”

तिकडून घाबऱ्या आवाजात “बाबा? काय झालं?” ऐकू आलं. छपन्न वर्षांचा माणूस, तीन वाजता बापाचा फोन म्हणजे त्याचं काळीज तोंडात आलं असणार. काका म्हणाले, “काही नाही रे. ती गाडी उलटते, मग पुढची गाडी कोण आणतो? आवाजात नीट कळलं नाही मला.”

क्षणभर शांतता. मग तो सांगू लागला. व्हर्जिल कुठल्या गाडीत असतो, चौथी गाडी कशी येते, पुढच्या भागांत काय होतं, कुठला भाग त्याने किती वेळा पाहिला. आम्ही खुर्च्या रचल्या, पडदा गुंडाळला, उरलेली चटणी डब्यात भरली. हॉलवाला किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला. काकांनी त्याला बोटानेच थांबायची खूण केली.